डावं पान

१

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कपाट उघडलं, तेव्हा सतरावी वही जागेवर नव्हती.

कपाट लोखंडी, तीन फळ्यांचं. मधल्या फळीवर एक ते सतरा अशा वह्या ओळीने उभ्या असत. आता सोळा उभ्या होत्या आणि उजव्या टोकाला दोन बोटं रुंदीची जागा मोकळी होती. कुलूप फोडलेलं नव्हतं. फोडायची गरजही नव्हती, कारण किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असे आणि हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

कपाट उघडणारी बाई अडतीस वर्षांची होती. तरी कारखान्यात तिला सगळे मुलगीच म्हणत, कारण हा कारखाना काढणाऱ्या मास्तरांची ती एकुलती एक लेक. कारखाना कृत्रिम पायांचा. मास्तर जाऊन चार महिने झाले होते. एकोणिसाव्या वर्षी ती भांडून घराबाहेर पडली होती. बाप आपलं कधी ऐकतच नाही, हे भांडणाचं कारण. नंतरच्या एकोणीस वर्षांत दोघांमध्ये सणसमारंभापुरतं बोलणं उरलं. आता ती परत आली होती आणि रोज संध्याकाळी साडेपाचला काम थांबलं की बापाची एक वही वाचत होती. सोमवारी तिने आठवी संपवली होती.

मास्तरांचा एकच नियम होता. सुचलेलं त्याच दिवशी वहीत गेलं पाहिजे, तारीख, वेळ आणि कुणाला सुचलं त्याच्या नावासकट. उजव्या पानावर मास्तर लिहीत. डावं पान मोकळं असे. कारखान्यातल्या कुणीही तिथे आपलं म्हणणं लिहावं, पण स्वतःच्या हाताने. दुसऱ्यासाठी डाव्या पानावर लिहायची मुभा कुणालाच नव्हती, मास्तरांनाही.

सतराव्या वहीत उताराच्या गुडघ्याची आकृती होती. साधा कृत्रिम गुडघा उतारावर अचानक दुमडतो आणि माणूस तोंडघशी पडतो. मास्तरांचा गुडघा दुमडत नसे. आता एका मोठ्या कंपनीने हाच गुडघा आपला असल्याचा दावा लावला होता. शुक्रवारी अकरा वाजता पेटंट कचेरीत परीक्षकांपुढे सुनावणी होती. वकिलाकडे वहीच्या नकला होत्या, पण परीक्षकांनी मूळ वही मागितली होती. ती दाखवता आली नाही, तर हा गुडघा बनवण्याचा हक्क कारखान्याकडे राहणार नव्हता.

मुलीने पोलिसांना कळवलं. हवालदाराने विचारलं, "वहीत काय होतं? पैसे?" ती नाही म्हणाली. त्याने पेनाला टोपण लावलं.

मग तिने बाइंडरला फोन केला.

२

बाइंडर साठी उलटलेला, किडकिडीत, कमी बोलणारा. सतराही वह्या त्यानेच शिवल्या होत्या. तो पावणेअकराला आला, खुर्ची नको म्हणाला आणि कपाटासमोर उभा राहिला.

"कशाला हात लावलास का?"

"नाही काका. मोकळी जागा दिसली तशी मी मागे झाले."

"बरं केलंस."

त्याने खिशातून पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि घडी घातलेला कागद काढला. त्याची ही जुनी सवय. डोक्यावर माझा विश्वास नाही, डोकं आपल्या सोयीचं तेवढंच ठेवतं, असं तो म्हणे.

वह्यांची रचना त्याला पाठ होती. आतली पानं त्याने शिवलेली, बाहेरचं कव्हर मात्र कारखान्यातल्याच चामड्याचं, पट्ट्यांच्या उरलेल्या तुकड्यांमधून केलेलं. कव्हरच्या कण्यावर आकडा ठोकलेला. शिवलेली पानं कव्हरला चिकटवलेली नसत. चामड्याची एक वादी दोन भोकांतून ओवून बाहेर गाठ मारलेली असे, म्हणजे कव्हर झिजलं तर बदलता यावं.

त्याने लिहिलं: कुलूप शाबूत. फळीवर प्लास्टरची धूळ. सतराच्या जागी धूळ नाही. वह्यांच्या वरच्या कडा: पहिल्या नऊ स्वच्छ, दहा ते सोळा पांढऱ्या.

प्लास्टरची धूळ या इमारतीत सगळीकडे होती. दाराच्या कड्या, चहाचे कप, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पिठात घोळल्यासारखं. पायाचा साचा प्लास्टरचा असतो आणि रोज तीन-चार साचे ओतले जात.

"सतरावी शेवटची कधी पाहिली?"

"काल पावणेसहाला. आठवी वाचायला काढली तेव्हा ती होती. गेल्या आठवड्यात वकिलाने नकला काढल्या, तेव्हापासून ती कपाटातच आहे."

"वाचून झाल्यावर?"

"साडेसहाला आठवी परत ठेवली. तेव्हा नीट पाहिलं नाही. डोळे भरून आले होते."

बाइंडरने ते लिहिलं नाही. "काय शोधतेयस त्या वह्यांमध्ये?" त्याने विचारलं.

"माझं नाव. पट्टे शिवणाऱ्या मावशीचं सापडलं, मामाचं सापडलं, एका पोस्टमनचंही सापडलं. त्याने जिन्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं म्हणे. आठ वह्यांमध्ये माझं एकदाही नाही."

३

मामा पुढच्या खोलीत बसत. मास्तरांचा मेहुणा आणि भागीदार. मागण्या, पत्रं, माल पाठवणं त्यांच्याकडे. मुलीचा संशय त्यांच्यावर होता आणि तो तिने लपवला नव्हता.

"मी चोरीन?" मामा बाइंडरला म्हणाले. "मला माझा चष्मा सापडत नाही."

"कपाळावर आहे."

मामांनी चष्मा खाली ओढला. "बघा."

"कंपनीकडून पत्र आलं होतं?"

"तिने सांगितलं वाटतं. आलं होतं. हक्क सोडा, आम्ही कारखानाच घेतो म्हणून. मी उत्तरही लिहिलं." त्यांनी खण उघडून एक पाकीट टेबलावर टाकलं. पत्ता होता, तिकीट होतं, पाकीट बंद होतं. "तीन आठवडे झाले."

"का नाही पाठवलं?"

"चाळीस वर्षं भांडलो मी मेहुण्याशी. खिळा कुठे ठोकायचा यावरून सुद्धा. आता भांडायला कुणी नाही म्हणून त्याचा कारखाना विकून मोकळा होऊ?" त्यांनी पाकीट परत खणात सरकवलं. "तुम्ही तिला सांगू नका. मला खलनायक समजते तेच बरं आहे. निदान बोलते तरी."

मावशी पट्टे शिवत होती. तिचा उजवा पाय मांडीपासून कृत्रिम होता आणि उताराचा तो गुडघा पहिल्यांदा तिलाच बसवला होता. खोलीच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला एक घसरण होती. बाइंडरने प्रश्न विचारायच्या आत ती त्या घसरणीवरून काठीशिवाय खाली गेली आणि वर आली.

"बघितलंत? आधी मी इथून बसून उतरायचे, लहान पोरांसारखी. हरलो तर हा काढून घेतील का हो माझा?"

"अंगातला काढून नाही घेत."

"मोडला तर दुसरा कोण देणार?"

बाइंडरने कागद उलगडला. "वहीत तुम्ही लिहायचात?"

"मी? डावी पानं मीच भरलीत. सातव्या वहीत लिहिलंय, पट्टा करकचतो, मास्तरांनी स्वतः बांधून बघावा. दिवसभर बांधून फिरले ते. संध्याकाळी लंगडत आले आणि खाली लिहिलं, मान्य." ती हसली, मग सुई कापडात खोचून ठेवली. "माझ्या रागालासुद्धा तारीख आहे इथे. दुसरीकडे कुठे ठेवणार होतं कुणी माझा राग जपून?"

"सगळेच लिहायचे?"

"दादा सोडून. एकतीस वर्षं आहे तो इथे. एक अक्षर नाही त्याचं. म्हटलं तर म्हणतो, माझा साचा बोलतो."

दादा साचेवाला. मास्तरांनंतर सगळ्यात जुना माणूस. मागच्या शेडमध्ये तो एका साच्याचे दोन अर्धे भाग जुळवत होता. त्याने भाग एकमेकांवर दाबले, दोरीचे दोन वेढे घेतले, गाठ मारली आणि दोरीची दोन्ही टोकं बोटाने वेढ्याखाली सरकवली.

"टोकं आत का घालता?"

"लोंबती राहिली तर ओल्या प्लास्टरमध्ये अडकतात. मग साचा उघडताना कड तुटते." दादाने हात पुसले. पुसूनही ते पांढरेच राहिले. "विचारा काय विचारायचं ते."

"वही कुणी घेतली असेल?"

"कुणी का घेईना. मिळेल."

"कधी?"

"शुक्रवारच्या आत."

"एवढी खात्री?"

"खात्री कुठली. वाटतं." दादाने साचा उचलून उभा केला. तळहातावर त्याचं वजन घेत तो क्षणभर थांबला, मग त्याने हलकेच मान हलवली आणि साचा बाजूला ठेवला. कुठेतरी आत पोकळी राहिली आहे हे त्याला हातानेच कळलं होतं. "मुलगी कशी आहे? वाचन चालू आहे तिचं?"

"तिलाच विचारा."

"विचारलं सकाळी. म्हणाली, आता कशात लक्ष लागत नाही." तो बादलीकडे वळला. "मला वाटलंच."

४

बुधवारी दिवसभर शोध चालला. माळा, पोटमाळा, पट्ट्यांच्या पेट्या, मामांचे खण, वकिलाचं कार्यालय. मुलीने कचऱ्याची पिंपं उलटी केली. बाइंडरने आपल्या दुकानात नेहमीसारखं काम केलं आणि चार वाजता कालचा कागद उलगडून वाचला. दोनदा वाचला. मग दुकान बंद करून तो कारखान्यात आला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना त्याने मुलीला कपाटापाशी बोलावलं. मामा आणि मावशीही आले. दादा दाराशी थांबला.

"वही वाचायला काढतेस तेव्हा आधी काय करतेस?"

"फडक्याने पुसते. नाहीतर सगळं प्लास्टर अंगावर येतं."

"किती वाचल्यास?"

"आठ."

"किती पुसल्यास?"

"तेवढ्याच."

"मग वरच्या कडा मोज."

ती मोजू लागली. आठवर तिचं बोट थांबलं, मग एक पुढे सरकलं. नवव्या वहीच्या कव्हरवर धूळ होती. पानांची कड स्वच्छ होती.

"नववी मी काढलेलीच नाही," ती म्हणाली.

"कुणीच पुसलेली नाही. पुसली असती तर कव्हरही पुसलं गेलं असतं. कव्हर इथे कित्येक वर्षं उभं आहे, पानं मात्र इथली नाहीत. ती गेल्या आठवड्यातच हाताळलेली आहेत." बाइंडरने नववी वही काढली, कण्यावरची वादी सोडवली आणि कव्हर उघडलं.

आत मास्तरांचं शेवटच्या वर्षांमधलं, थरथरतं अक्षर होतं. पंधराव्या पानावर उताराच्या गुडघ्याची आकृती होती.

मामा खुर्चीत बसले. मावशी कुणाच्याही नकळत डोळे पुसायला गेली, पण ते सगळ्यांना दिसलं. मुलीने पानं छातीशी धरली.

"चोराने वही चोरलीच नाही?" मामा म्हणाले.

"सतरावी नाही चोरली. सतरावीची पानं नववीच्या कव्हरमध्ये घातली आणि सतरावीचं कव्हर घेऊन गेला. त्यात नववीची पानं असणार. हरवलेली वही नववी आहे."

"नवव्या वहीचं कुणाला काय?" मावशीने विचारलं.

बाइंडर उत्तर देणार होता, तेवढ्यात फोन वाजला. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मुलीने फोन उचलला, ऐकलं, दोनदा 'बरं' म्हटलं आणि ठेवला.

"वकील होते. कंपनीने आज नवा कागद दाखल केला. त्यांची आकृती अकरा वर्षं जुनी आहे." तिने हातातल्या पानांकडे पाहिलं. "ही चार वर्षं जुनी."

सापडलेली वही पंचवीस मिनिटांत निरुपयोगी झाली होती.

दाराशी आता दादा नव्हता.

५

गुरुवारी सकाळी सात वाजता बाइंडर आणि मुलगी दादाच्या घराकडे चालत निघाले. वाटेत बाइंडरने आपला हिशेब सांगितला, बातमी सांगावी तसा, एकामागून एक.

"ज्याने हे केलं त्याला खटला बुडवायचा नव्हता. नाहीतर सतरावी जाळली असती. त्याने ती कपाटातच ठेवली, सगळ्यात सुरक्षित जागी. त्याला नववी हवी होती. पण नववीची जागा मोकळी दिसली असती, तर तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस की नवव्या वहीत काय होतं. सतरावी हरवली की सगळे खटल्याच्या मागे लागणार. आणि तुझं वाचन थांबणार."

"माझं वाचन?"

"सोमवारी आठवी झाली. मंगळवारी कुठली असती?"

ती चालता चालता थांबली. "मी नववी वाचू नये म्हणून?"

"निदान मंगळवारी वाचू नये म्हणून. आता माणूस कोण, ते वादीने सांगितलं. मी वादीला साधी गाठ मारतो. मावशी पट्ट्याची सरकगाठ मारते. मामांना स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही. काल नवव्या वहीची वादी दोन वेढ्यांची होती आणि टोकं वेढ्याखाली सरकवलेली. तिथे प्लास्टर नव्हतं, काही अडकणार नव्हतं. पण एकतीस वर्षांची सवय हाताला असते. हात विचारून बांधत नाही."

दार उघडंच होतं. दादा एकटा राहत असे. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर धुतलेल्या फडक्यात वही गुंडाळलेली होती. दादाने शर्ट बदलला होता, केस विंचरले होते.

"मीच येणार होतो आठला," तो म्हणाला. "बस, पोरी."

ती बसली नाही. "दादा, का?"

"सोमवारी तू गेल्यावर उघडली मी. तू म्हणालीस ना, उद्या नववी. मला माहीत होतं त्यात काय आहे. म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं. सत्तावीस वर्षं बघितलं नव्हतं ते पान."

"काय आहे त्यात?"

दादाने पलंगाखालून एक लाकडी बाहुली काढली. वीतभर उंचीची, एका पायाला पितळी बिजागरी. मुलीने ती हातात घेतली आणि तिचा गुडघा दुमडून पाहिला.

"ही माझी आहे."

"तुझीच. तू अकरा वर्षांची होतीस. शेडमध्ये यायचीस शाळा सुटल्यावर. तू घर सोडलंस तेव्हा अंगणात पडली होती, मी उचलून ठेवली. फळी तिरकी लावून आपण हिला उतरवायचो, आठवतं? सारखी पडायची. तेव्हा मी म्हणालो, गुडघ्याने आधी वजन ओळखावं आणि मग दुमडावं. साचा तोलताना मी हाताने करतो तसंच. तू ते घरी जाऊन सांगितलंस. दुसऱ्या दिवशी मास्तर नाचत आले. म्हणाले, माझ्या लेकीला काय सुचलंय बघ."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुझा बाप तुझ्यावर एवढा खूश झालेला मी त्याआधी बघितला नव्हता. म्हटलं, पोरीचं राहू दे. डावं पान होतंच. कधीतरी लिहीन म्हटलं." दादा आपल्या पांढऱ्या नखांकडे बघत राहिला. "कधीतरी म्हणजे कधी, ते काही ठरलं नाही."

बाइंडरने फडकं सोडून वही तिच्यापुढे सरकवली. खूण घातलेलीच होती. तिने उघडली. उजव्या पानावर, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, मास्तरांच्या तरुणपणाच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं:

*सकाळी ७.४०. चहाच्या टेबलावर. कल्पना लेकीची. गुडघ्याने आधी वजन ओळखावं, मग दुमडावं. उतारासाठी. करून बघणे.*

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. बोट 'लेकीची' या शब्दावर राहिलं.

"खाली आहे अजून," दादा म्हणाला. "त्यासाठीच नेली मी वही. नाव बघायला गेलो आणि ते दिसलं. तुला दाखवावं की नाही कळेना. पान फाडायला गेलो, तेही जमेना."

"बरं झालं," बाइंडर म्हणाला. "एक पान फाडलं की घडीतलं त्याचं जोडीचं पानही सुटतं."

खालचा मजकूर वेगळ्या शाईत होता. तारीख सहा वर्षांनंतरची.

*पहिली चाचणी आज फसली. मूळ वाक्य परत वाचलं. अकरा वर्षांच्या मुलीने वजन तोलून पाहिलेलं नसतं. इथे एकच माणूस रोज ते करतो. विचारणार नाही, विचारलं तर तो नाही म्हणेल. ज्याचं असेल त्याने स्वतः लिहावं. शेजारचं पान मोकळं ठेवतो आहे. लेकीचं नाव खोडत नाही. तिने ऐकून मला सांगितलं नसतं, तर हे माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. ती ऐकते. मी तिचं किती ऐकतो, याची नोंद माझ्याजवळ नाही.*

डावं पान कोरं होतं.

मुलगी आता खुर्चीत बसली.

"हे मी सतरा वर्षांची असताना लिहिलंय," ती म्हणाली. "दोन वर्षांनी मी घर सोडलं. एवढं तोंडाने म्हणाले असते तर."

"तोंडाने त्यांना जमायचं नाही," दादा म्हणाला. "मला लिहायला जमायचं नाही. एकवीस वर्षं ते पान माझी वाट बघत होतं आणि मी वीस पावलांवर प्लास्टर कालवत होतो."

त्याने खिशातून पेन काढलं. नवीन होतं. आदल्या संध्याकाळी घेतलेलं.

"लिहू आता?"

बाइंडरने वहीवर हात ठेवला. "आज नको. ही वही कंपनीच्या कागदाहून जुनी आहे, उद्या परीक्षकांपुढे जायची आहे. वकिलाला विचारलं तर तो एक टिंबही वाढवू देणार नाही. कालपर्यंत कोरं असलेलं पान आज भरलं, तर सत्तावीस वर्षांपूर्वीचं उजवं पानही खोटं ठरेल."

"मग कधी?"

"उद्यानंतर."

दादाने पेनाचं टोपण परत लावलं.

६

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी सुरू झाली. परीक्षक पन्नाशीच्या बाई होत्या, नाकावर चष्मा, आवाज सपाट. कंपनीतर्फे तिघे होते. कारखान्यातर्फे वकील, मुलगी, मामा, दादा आणि बाइंडर. मावशी बाहेर बाकावर बसली होती. कचेरीच्या दारातल्या उतारावरून ती चालत आली होती, आणि मामांनी मुद्दाम परीक्षकांच्या शिपायाला ते बघायला लावलं होतं.

नववी वही टेबलावर उघडली गेली. बाइंडरने कागद, शिवण आणि शाई यांबद्दल साक्ष दिली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, हा नवव्या वहीचा मजकूर सतराव्या कव्हरमध्ये का आहे. बाइंडरने सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं आणि दादाचं नाव लपवलं नाही.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "तारीख मला दिसते आहे. कंपनीच्या कागदाच्या सोळा वर्षं आधीची आहे. पण अर्जात कल्पना कुणाची, हा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही." त्या मुलीकडे वळल्या. "तुमचं नाव लिहिलेलं आहे. ही कल्पना तुमची का?"

वकिलाने मुलीकडे पाहिलं. हो म्हटलं की प्रकरण तिथेच संपत होतं. आदल्या संध्याकाळी त्याने तिला हे तीनदा सांगितलं होतं.

"मला बाहुली आठवते," ती म्हणाली. "तिरकी फळी आठवते. दादाचे हात आठवतात. ते वाक्य कुणाच्या आवाजात होतं, ते आठवत नाही. पण मी आयुष्यात कधी साचा तोललेला नाही."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे मी पोचवली."

परीक्षकांनी दादाला उभं केलं. "तुमची का?"

"मी बोललो होतो, बाई."

"कुठे लिहिलंत?"

"लिहिलं नाही."

"तुम्ही बोललात हे मी आजच्या तारखेने नोंदवू शकते," परीक्षक म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख मला देता येणार नाही. ती फक्त कागदाला असते."

दादाने मान हलवली. साचा हातावर तोलून बाजूला ठेवताना हलवायचा तशीच.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी निर्णय राखून ठेवण्यात आला. निकाल लागेपर्यंत कारखान्याला गुडघे बनवायची परवानगी मिळाली. नववी वही पुरावा म्हणून ताब्यात घेतली गेली, पाकिटात घातली गेली आणि पाकिटावर लाखेचं सील लागलं. सील लावणारा कारकून म्हणाला, निकालाआधी ती कुणालाही मिळणार नाही. पेन खिशाबाहेर काढलेला दादा टेबलाच्या अलीकडे उभा होता.

त्या गोष्टीला आता पाच महिने झाले. बाइंडरने अठरावी वही शिवली. कव्हर मावशीने केलं. मुलीने ती कपाटात न ठेवता शेडमधल्या टेबलावर ठेवली आहे. उजवी पानं ती लिहिते. डाव्या पानांवर दादाचं मोठं, एकेक अक्षर सुटं असलेलं लेखन आहे, प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ. आतापर्यंत एकशे बारा नोंदी झाल्या. मामांनी खणातलं पाकीट न फोडता अठराव्या वहीत खूण म्हणून घातलं आहे. त्यांना तसं करताना पाहिल्याचं मुलीने कुणाला सांगितलेलं नाही. तिचं वाचन सोळाव्या वहीपर्यंत आलं. तिचं नाव पुन्हा कुठे आलेलं नाही. सतरावी तिने अजून उघडलेली नाही.

निकालाची तारीख लागलेली नाही. दर सोमवारी दहा वाजता दादा कचेरीत जातो आणि नववी वही पाच मिनिटांसाठी मिळेल का, असं विचारतो. गेल्या सोमवारी मुलगीही बरोबर होती. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. दोघं सव्वाअकरापर्यंत बाकावर बसून होते. शिपायाने दादाला विचारलं, काय लिहायचंय एवढं. दादाने बोटांवर शब्द मोजले आणि सांगितलं, एकच ओळ आहे.